बोट कुणाची, कारभार कुणाचा

हर्णै बंदर, समोर सुवर्णदुर्ग. पावसाळी बंदी ३१ जुलैला उठते, मग सगळ्या बोटी पाण्यात जातात, वहिनींची बोट मात्र शाकारलेलीच, म्हणजे झाकून ठेवलेलीच आहे. लायसन त्यांच्या नवऱ्याच्या नावावर, आणि नवरा मार्चमध्ये अटॅकने गेला.

वहिनींना वाटलं, बँकेत नॉमिनी मीच आहे ना, मग झालं. तसं नसतं. नॉमिनी म्हणजे पैसे ताब्यात घेणारा माणूस, बाकीचे वारस आपला वाटा मागायला मोकळे. मृत्युपत्र नाही, आपल्याकडे चाळिशीतल्या माणसाला मृत्युपत्र कर म्हटलं तर घरातलेच म्हणतील अभद्र बोलू नको. सक्सेशन सर्टिफिकेट मिळालं असतं पण ते येणी आणि शेअर्स-बिअर्स यांच्यापुरतं, म्हणून वकिलांनी १९२५च्या सक्सेशन अ‍ॅक्टखाली जिल्हा कोर्टात लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचा अर्ज टाकला, म्हणजे बोट, घर, येणी, देणी सगळ्याचा कारभार एका हातात.

मुंबईचे दीर लगेच हजर. पण बोट भावाच्या स्वतःच्या कमाईची, त्यामुळे १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने बायको, दोन मुलं आणि आई असे चार सारखे वाटे, दिराला त्यात काही नाही. सासूबाईंचा वाटा लोक हमखास विसरतात, इथे तर खुद्द सासूबाईच विसरल्या होत्या. संमतीची सही करताना म्हणाल्या, "माझा पण हाय होय गो? मग आधी खलाश्यांचं दे, ती पोरं दारात येतात."

आणि गंमत बघा, कायदा पण जवळपास हेच म्हणतो! आधी अंत्यविधीचा खर्च, मग कोर्टाचा, मग मृत्यूआधीच्या तीन महिन्यांची मजुरी, मग बाकीची देणी. वारसांचे वाटे सगळ्यात शेवटी, त्यामुळे कोर्टाचा कागद हातात आला म्हणजे वहिनी मालकीण झाल्या असं नाही, त्या सगळ्यांच्या वतीने हिशोब ठेवणार.

आता कुणाची हरकत असेल तर सांगा, अशी कोर्टाची नोटीस निघालीय. ऑर्डर झाली की जामीनदारासकट बाँड, सहा महिन्यांत मालमत्तेची यादी, वर्षात जमाखर्च. यादीची तयारी वहिनींनी आत्ताच घेतलीय. वकिलांच्या क्लार्कने "जाळी, अंदाजे" एवढंच लिहिलं होतं, त्यांनी ते खोडायला लावलं. नवी किती, सांधलेली किती, जाळ्यांचं शिसं किती किलो, सगळं तोंडपाठ, मासळीच्या लिलावात आयुष्य गेलंय बाईचं. क्लार्कला दुसरा कागद घ्यावा लागला.