चौकीच्या आधीची रांग

(निफाड तालुक्यातल्या एका व्याख्यानमालेत द्राक्ष निर्यातदाराने केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, 2011 च्या मार्चमध्ये माझा थॉमसन द्राक्षांचा एक ट्रक पिंपळगावहून बांगलादेशाला निघाला. नागपूर, रायपूर करत चौथ्या दिवशी तो पश्चिम बंगालमधल्या बनगावला पोहोचला. जवळजवळ दोन हजार किलोमीटर चार दिवसांत. बनगावहून पेट्रापोलची सीमा दहा किलोमीटरवरही नाही. ते अंतर कापायला सहा दिवस लागले.

झालं होतं एवढंच, की आमच्या तिथल्या एजंटाकडून कागदावर ट्रकच्या नंबरातले दोन आकडे उलटसुलट पडले. कागद परत फिरला, रांगेतला नंबर गेला, आणि पुन्हा शेवटापासून सुरुवात. मी रेल्वेने कोलकात्याला गेलो आणि तिथून बनगाव गाठलं. पार्किंगच्या मैदानात आमचे ड्रायव्हर मामा ट्रकच्या सावलीत स्टोव्हवर खिचडी शिजवत बसले होते. ताडपत्रीचा एक कोपरा उचलला तर आंबूस वास आला. वरच्या थरातले क्रेट बरे होते. खालच्या थरात देठ काळे पडलेले, मणी सुटून तळाशी साचलेले, आणि त्यांच्या रसावर माश्या. मामा म्हणाले, "शेठ, गाडी चालवायचे पैसे घेतो मी. हे बसून राहण्याचे कोण देणार?" हॉल्टिंग मी दिलं. पण त्यांच्या घरी मुलीचं लग्न ठरवायची बैठक होती, ती हुकली. त्याचं हॉल्टिंग कुठल्या बिलात बसत नाही.

हे सांगतो ते एवढ्यासाठी, की सीमेचं आधुनिकीकरण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर इमारत येते. मोठी कमान, स्कॅनर, काचेच्या खिडक्या. माझा माल सडला तो चौकीत नाही, चौकीच्या आधी. तुमच्यापैकी ज्यांनी मुलुंडचा जकात नाका पाहिलाय त्यांना ही रांग कशी असते ते वेगळं सांगायला नको. तो नाका 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि बंद झाला. शहराचा नाका बंद करता येतो, देशाची सीमा बंद करता येत नाही. तिथे कस्टम राहणारच, बीएसएफ राहणारच. पेट्रापोलला सोन्याची बिस्किटं नेहमी पकडली जातात, ते काम कुणीतरी करायलाच हवं. प्रश्न आहे तो सरळमार्गी माणसाचा माल किती वेळ अडकावा, हा.

पेट्रापोलचं महत्त्व थोडक्यात सांगतो. भारत-बांगलादेश यांच्यात जमिनीवरून होणाऱ्या व्यापाराचा सुमारे 70 टक्के हिस्सा या एका दारातून जातो. पलीकडे बेनापोल, जशोर जिल्हा. कोलकात्याहून तिथे जाणारा जेसोर रोड जुन्या प्रचंड झाडांच्या कमानीतून जातो. रस्ता अरुंद. रेल्वे फाटकांवर उड्डाणपूल बांधायला त्यातली काही झाडं तोडायची की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मला ती झाडंही हवीत आणि रस्ताही हवा. ज्यांनी तो वाद घातला त्यांना मी दोष देत नाही.

आपला ट्रक सरळ ढाक्याला जात नाही. कार-पास नावाचा कागद मिळतो, त्यावर गाडी बेनापोलच्या आवारात शिरते. तिथे माल उतरतो, बांगलादेशी ट्रकमध्ये चढतो, आपली गाडी रिकामी परतते. एकेक क्रेट हमालाच्या डोक्यावरून जातो. जागतिक बँकेने 2021 च्या अहवालात या सीमेचा हिशेब मांडला: पार व्हायला 138 तास, त्यातले 28 तास निव्वळ या उतरवा-चढवीत. पूर्व आफ्रिकेत साधारण एवढ्याच वाहतुकीच्या सीमा सहा तासांच्या आत ओलांडल्या जातात, असंही त्याच अहवालात आहे. मी तो आकडा दोनदा वाचला. आपल्या मनात आफ्रिकेचं जे चित्र असतं, त्यात हे बसत नव्हतं.

मग मी आफ्रिकेतल्याच चिरुंडू नावाच्या सीमेची माहिती मिळवायला लागलो. झांबिया आणि झिम्बाब्वे यांच्या मधून झांबेझी नदी वाहते. तिच्यावर 1939 चा जुना झुलता पूल आहे, आणि जपानच्या मदतीने बांधलेला 2002 चा नवा. तांब्याच्या खाणींकडून दक्षिण आफ्रिकेच्या बंदरांकडे जाणारे अवजड ट्रक याच वाटेने जातात. नवा पूल झाला तरी रांग तशीच राहिली, कारण ट्रक आधी अलीकडे थांबायचा, मग पलीकडे, आणि दोन्हीकडे तेच कागद, तीच तपासणी. 5 डिसेंबर 2009 पासून तिथे एकच थांबा झाला. आता दक्षिणेकडे निघालेला ट्रक झांबियाच्या आवारात थांबतच नाही. पूल ओलांडून तो झिम्बाब्वेच्या आवारात जातो, आणि तिथे झांबियाचा अधिकारी आपलं टेबल मांडून बसलेला असतो. तो निर्यातीचे सोपस्कार संपवतो, त्याच्या शेजारचा झिम्बाब्वेचा अधिकारी आयातीचे. उत्तरेकडे जाणाऱ्या ट्रकचं नेमकं उलटं.

ऐकायला सोपं वाटतं. पण दुसऱ्याच्या भूमीवर बसून माझ्या देशाचा अधिकारी माझ्या देशाचा कायदा कोणत्या हक्काने लावणार? त्यासाठी दोन्ही देशांना स्वतंत्र कायदे करावे लागले. चिरुंडूला खरं बांधकाम झालं ते तिथे, संसदेत. पुढे केनिया आणि युगांडाने बुसियाला तेच केलं, 2018 च्या फेब्रुवारीत त्याचं औपचारिक उद्घाटन झालं. चिरुंडूला रांगा कायमच्या संपल्या असं मी म्हणणार नाही, वाहतूक वाढली तशा त्या पुन्हा लागल्याच. पण कागदासाठी दोनदा थांबणं मात्र गेलं.

आपल्याकडे काम झालं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. 2012 मध्ये भूबंदरं, म्हणजे जमिनीवरच्या सीमेची व्यापारी दारं, सांभाळणारं भूबंदर प्राधिकरण आलं. सगळ्या तपासण्या एकाच आवारात करणारी पेट्रापोलची एकात्मिक तपासणी चौकी 2016 मध्ये सुरू झाली. 2017 च्या ऑगस्टपासून चोवीस तास व्यापार सुरू झाला. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये मालवाहतुकीसाठी मैत्री द्वार नावाचा आणखी एक दरवाजा उघडला. पण यातल्या कुठल्याही दगड-सिमेंटापेक्षा फरक पडला तो 2022 मध्ये पश्चिम बंगाल सरकारने आणलेल्या सुविधा नावाच्या व्यवस्थेने. ट्रकची वेळ आधी ऑनलाइन ठरवायची आणि त्या वेळेला यायचं. त्याआधी बनगावच्या पार्किंगमध्ये गाड्या आठवडेच्या आठवडे उभ्या राहत, आणि नंबर कुणाच्या हातात आहे यावर सगळं ठरे. शुल्क जास्त आहे ही तक्रार खरी आहे, मीही ती केली आहे. तरी नाशवंत माल पाठवणाऱ्याला ठरलेली वेळ मिळणं म्हणजे काय, ते बागायतदारालाच कळेल. काढणी कधी धरायची हे आता मी सीमेवरून मागे मोजत येतो.

अडलं आहे ते दोन संगणकांमध्ये. आपलं शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचा कस्टमचा अर्ज, आपण आइसगेट या भारतीय कस्टमच्या पोर्टलवर भरतो. पलीकडे बेनापोलचं कस्टम असिकुडा नावाच्या प्रणालीवर चालतं, संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार संस्थेने विकसनशील देशांसाठी बनवलेली. दोन्ही चांगल्या आहेत. पण तोच ट्रक, तेच क्रेट, तेच वजन एकदा इकडे टाइप होतं आणि पुन्हा एकदा तिकडे. माझे 2011 चे ते दोन आकडे अशाच एका टाइप करण्यात उलटे झाले होते. इकडची नोंद गाडी निघायच्या आधी तिकडे पोहोचली, तर तिकडचा अधिकारी आदल्या रात्रीच ठरवू शकतो की कोणता ट्रक उघडायचा आणि कोणता सोडायचा. चोवीस तास सुरू असण्याचंही तसंच. कस्टमचा माणूस रात्री दोनला जागा आहे, पण झाडपाल्याच्या रोगांची तपासणी करणारा किंवा बँकेचा माणूस सकाळी दहाला येणार असेल, तर ते चोवीस तास कागदावरचे.

जागतिक व्यापार संघटनेचा व्यापार सुलभीकरण करार 22 फेब्रुवारी 2017 पासून लागू आहे. आपण आणि बांगलादेश, दोघेही त्यात आहोत. त्यात नाशवंत मालाचं वेगळं कलम आहे: कमीत कमी वेळात सोडा, गरज पडली तर कामाच्या वेळेबाहेरही सोडा. हे कलम द्राक्षवाल्यांच्या संघटनांनी तोंडपाठ करायला हवं.

हमालांचा प्रश्न मात्र मला सोडवता आलेला नाही. ट्रक सरळ ढाक्याला गेले तर बेनापोलच्या आवारात डोक्यावर क्रेट वाहणाऱ्या माणसांनी काय करायचं? 2015 मध्ये भारत, बांगलादेश, भूतान आणि नेपाळ यांनी एकमेकांच्या गाड्या येऊ-जाऊ देण्याच्या करारावर थिंफूला सह्या केल्या, तो अजून पुरता उभा राहिलेला नाही. उद्या राहिला, तर त्या 28 तासांच्या बचतीतला वाटा या माणसांच्या पुनर्वसनाला जायला हवा. माझे मणी सुटले होते तेव्हा यांनीच एकेक क्रेट हलक्या हाताने निवडून वेगळा केला होता, न सांगता.

आता कांदावाल्यांचं दुःख. 14 सप्टेंबर 2020 ला निर्यातबंदी आली तेव्हा कांद्याचे ट्रक सीमेवर उभे होते. 2019 ला तेच, 2023 च्या डिसेंबरमध्ये पुन्हा तेच. गोण्यांना पाणी सुटलं. सगळं जग म्हणतं, नियम आधी कळवा, मग लावा. आपला ट्रक वाटेवर असताना नियम बदलला, तर कितीही मोठी चौकी बांधा, तिचा उपयोग काय? त्याच 2020 ने दुसरंही दाखवलं. टाळेबंदीत रस्त्याची सीमा अडली तेव्हा मे महिन्यात लासलगावहून कांद्याच्या मालगाड्या बांगलादेशातल्या दर्शना या रेल्वे स्टेशनाकडे रवाना झाल्या. रस्त्याने पाठवायचं तर तेवढ्या मालाला कितीतरी ट्रक, आणि तितकेच ड्रायव्हर सीमेवर खोळंबलेले. रेल्वेचा पर्याय आपण संकटापुरता वापरला आणि सोडून दिला, याचं मला वाईट वाटतं.

2025 मध्ये बांगलादेशाने आपलं सूत जमिनीवरून घेणं थांबवलं. आपण त्यांचे तयार कपडे भूबंदरांतून घेणं थांबवलं, ते फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता बंदरातून यावेत असं ठरवलं. नवं दार उघडून वर्षही झालं नव्हतं. राजकारण मला बदलता येत नाही. पण जी गाडी चालू आहे तिचा वेळ मोजणं माझ्या हातात आहे.

कस्टम खातं दर वर्षी माल सोडायला किती वेळ लागतो याचा अभ्यास करतं, आणि तो चांगला असतो. पण त्याचं घड्याळ माल चौकीत आल्यावर सुरू होतं. बनगावच्या मैदानातले माझे सहा दिवस त्यात कुठेच नाहीत. म्हणून या हंगामात एक करा. प्रत्येक ड्रायव्हरला सांगा की बिल्टीच्या, म्हणजे मालाच्या वाहतूक पावतीच्या, मागे चार वेळा लिहायच्या: बनगावला पोहोचलो, चौकीत शिरलो, बेनापोलला शिरलो, रिकामा बाहेर पडलो. तारीख आणि वाजले किती, एवढंच. मोबाइलवर बिल्टीचा फोटो काढून आपल्या संघाकडे पाठवा. एप्रिलअखेर आपण बसून ते एकत्र मांडू आणि पेट्रापोलच्या कार्यालयात घेऊन जाऊ. मामा आता गाडीवर नसतात, पण पहिल्या ट्रकबरोबर कोणी नवखा जात असेल, तर कुठे काय लिहायचं ते समजवायला येतो म्हणाले आहेत.