ओढ्यातील कीटकनाशके आणि पॅसिव्ह सॅम्पलर

श्रोतेहो, पाणी तपासायचे म्हटले की बाटली भरून प्रयोगशाळेत पाठवायची, ही आपली रूढ पद्धत. मोठ्या नदीच्या बाबतीत ती बऱ्यापैकी निभावून जाते. ओढ्यात मात्र, फवारणीपाठोपाठ जोराची सर आली की शेतातून वाहून आलेले औषध काही तासांतच पुढे निघून जाते, आणि महिन्यातून एकदा भरलेल्या बाटलीत नेमके तेच तास सापडणे हा निव्वळ योगायोग ठरतो.

पॅसिव्ह सॅम्पलर, म्हणजे पाण्यातली रसायने हळूहळू आपल्यात शोषून साठवणारे छोटे साधन, ओढ्यातच मुक्काम ठोकतो. त्याला ना पंप लागतो, ना वीज. ‘पोसिस’ या प्रकारात पॉलिएथरसल्फोन या प्लास्टिकच्या दोन पातळ पटलांमध्ये सुमारे २०० मिलिग्रॅम शोषक भुकटी पोलादी कड्यांनी आवळून बसवलेली असते. ‘केमकॅचर’मध्ये भुकटीऐवजी शोषक चकती असते. पाण्यात विरघळणारी तणनाशके व कीटकनाशके यांत दोन ते चार आठवडे साठत राहतात. पाण्यापेक्षा गाळाला धरून राहणाऱ्या पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशकांसाठी सिलिकॉन रबराच्या पट्ट्या अधिक उपयोगी पडतात.

खरा प्रश्न आहे तो साठलेल्या वस्तुमानावरून पाण्यातील प्रमाण काढण्याचा. समजा, १४ दिवसांत २८० नॅनोग्रॅम तणनाशक साठले आणि सॅम्पलरचा ग्रहणदर, म्हणजे तो दिवसाला जितक्या पाण्यातील रसायन टिपतो ते प्रमाण, ०.२ लिटर आहे. म्हणजे २.८ लिटर पाण्याचा हिशेब झाला आणि सरासरी आली लिटरला १०० नॅनोग्रॅम. आकडा सौम्य वाटतो. पण ते सगळे तणनाशक एकाच पावसात, १२ तासांत आले असेल, तर त्या वेळची पातळी २८ पट, म्हणजे २,८०० नॅनोग्रॅम असणार, आणि ओढ्यातल्या किड्यांना व शेवाळाला सामोरे जावे लागते ते या पातळीला, आपल्या सरासरीला नव्हे. त्यातही काही रसायने आधी पटलातच अडकून राहतात आणि शोषकापर्यंत उशिरा पोहोचतात, त्यामुळे थोड्या वेळाचा लोंढा प्रत्यक्षापेक्षा लहान दिसतो. पटल काढून उघडी चकती ठेवली तर ती चटकन प्रतिसाद देते, मात्र लवकर भरूनही जाते.

ग्रहणदरही स्थिर नसतो; प्रवाहाचा वेग, तापमान आणि पटलावर चढणारा बुळबुळीत जैविक थर यांनुसार तो बदलतो. म्हणून प्रयोगशाळेतला दर डोळे झाकून ओढ्याला लावू नये. ओढा आटून सॅम्पलर उघडा पडला किंवा गाळात गाडला गेला, तर तो काळ हिशेबातून वगळावा लागतो, आणि त्यासाठी शेजारी पाणीपातळी नोंदवणारे यंत्र हवेच. बसवताना व काढताना हवेतून काही चिकटले का, हे कळण्यासाठी एक कोरा सॅम्पलर तेवढाच वेळ उघडा ठेवतात. घाईत नेमके हेच काम राहून जाते.

माझ्या मते या साधनाला आधी ‘काय आले’ हे विचारावे, ‘किती आले’ हे नंतर. अनेक ओढ्यांत सॅम्पलर लावावेत आणि जिथे चिंताजनक रसायने आढळतील, तिथे पाणी चढताच आपोआप नमुना घेणारे महागडे यंत्र बसवावे.