दहा मीटरसाठी रायफल घेताय? आधी हे बघा

नमस्कार मंडळी. नाशिकमधून सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आज घेऊ: दहा मीटरच्या नेमबाजीसाठी रायफल कुठली आणि कॅलिबर कुठलं?

कॅलिबरचं पटकन उरकतो, कारण ते तुम्ही ठरवायचंच नाहीये. दहा मीटर एअर रायफल म्हणजे ४.५ मिलिमीटर, ज्याला दुकानात 'पॉइंट वन सेव्हन सेव्हन' म्हणतात. स्पर्धेच्या नियमात दुसरं काही बसत नाही. "पॉइंट टू टू (म्हणजे ५.५ मिलिमीटर) घ्या, ताकद जास्त" असं कोणी सांगितलं, तर त्याला विचारा, ताकद कशाला? समोर कागद आहे! शिवाय २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूल ताकदीच्या आतल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. ५.५ ची घेतलीत की परवान्याचा विषय सुरू. ओळखपत्र द्या, पक्कं बिल घ्या आणि रायफल नेताना बिल सोबत ठेवा.

हवेऐवजी बारुदाच्या काडतुसावर चालणारी पॉइंट टू टू हा वेगळाच खेळ आहे. नाशिकमध्ये सराव केलेल्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्य मिळवलं ते ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून), त्या रायफलवर. तिला परवाना लागतो आणि ५० मीटरची रेंज लागते. सुरुवात दहा मीटरवरच करा.

[टार्गेट कॅमेऱ्याजवळ धरून]

हे बघा. काळा भाग ३०.५ मिलिमीटरचा आणि मधला दहाचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटर. छर्रा त्या ठिपक्याला नुसता शिवला तरी दहा मिळतात. म्हणजे छर्‍याचं केंद्र मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत पडायला हवं. मोठ्या स्पर्धांत दशांश गुण मोजतात, तिथे एवढ्यावर १०.० च हातात येतात, १०.९ साठी जवळपास मध्यालाच लागतं. रायफल निवडताना हा अडीच मिलिमीटर डोक्यात ठेवा.

आता रायफल. बाजारात दोन जाती दिसतील. एक, नळी बिजागरीवर खाली वाकवून भरायची स्प्रिंगवाली. घोडा ओढला की आतला पिस्टन धाडकन पुढे जातो, रायफल मागे येते, मग पुढे झटका खाते, आणि हे सगळं छर्रा अजून नळीत असतानाच. त्यामुळे रोज पकड जराशी बदलली की ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका, सरकतो. घट्ट आवळून धरणाऱ्यांचा तर फारच. शिस्त लावायला ही वाईट नाही, पण हिच्यावर 'मॅक्झिमम वेग' बघून पैसे टाकू नका. मॅच रायफलचा छर्रा सेकंदाला साधारण १७० ते १७५ मीटरनेच जातो. अर्ध्या ग्रॅमच्या छर्‍याची ती जेमतेम आठ ज्यूल ताकद, आणि ऑलिम्पिकला तीच पुरते.

दुसरी पीसीपी, म्हणजे सिलिंडरमध्ये आधीच दाबलेली हवा. झटका नगण्य. स्पर्धेचा विचार असेल तर थेट हीच. थांबावं लागलं तरी चालेल, पण मधल्या पायरीवर दोनदा खर्च करू नका, असं आमचं स्पष्ट मत.

[रायफल खांद्याला लावून, बाजूने]

दुकानात किमतीआधी हे तपासा. बट खांद्यात बसली, गाल दस्त्यावर टेकला, आता डोळे मिटा. उघडल्यावर डोळा आपोआप पीपच्या, म्हणजे नेम धरायच्या मागच्या साइटच्या, छिद्रामागे आला पाहिजे. मान वाकडी करावी लागत असेल तर चीकपीस, म्हणजे गाल टेकायचा भाग, वर-खाली होतं का बघा. होत नसेल तर ती रायफल तुमची नव्हे. वजनाची नियमातली मर्यादा साडेपाच किलो आहे, पण बारा-तेरा वर्षांच्या पोराच्या हातात तेवढी देऊ नका; पाठ मागे कलते आणि ती सवय पुढे सुटत नाही.

नळीच्या टोकाकडच्या पुढच्या साइटमधली रिंग हा दुर्लक्षित भाग. पीपमधून बघताना डोळ्यापासून सुमारे ९० सेंटिमीटरवर असलेल्या रिंगमध्ये तो काळा भाग पावणेतीन मिलिमीटरएवढा दिसतो. रिंग तीन मिलिमीटरची घातलीत तर भोवतीचा पांढरा पट्टा इतका बारीक होतो की डोळा लवकर थकतो आणि नेम 'चिकटतो'. नवख्यांनी चारच्या आसपास सुरुवात करावी.

छर्रे सपाट तोंडाचेच, कारण कागदाला गोल, स्वच्छ भोक पडतं. डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असं लिहिलेलं असतं, तो डोक्याचा व्यास. प्रत्येक नळीला यातला एक जास्त मानवतो. रायफल टेकूवर भक्कम ठेवून प्रत्येक मापाचे दहा-दहा मारा आणि सगळ्यात घट्ट ग्रुप देणारा डबा घ्या. मित्राला कुठला चालतो, याला काही अर्थ नाही.

गच्चीवर सराव करणाऱ्यांनो, आधी तिथं दहा मीटर सरळ मिळतात का ते टेपने मोजा. मागे पक्की भिंत, तिच्यापुढे तिरक्या पोलादी पाटीचा छर्रे अडवणारा डबा, आणि त्या बाजूला कुणाचीही ये-जा नको. वाऱ्यात घेतलेल्या ग्रुपवरून साइट फिरवत बसू नका.

पावसाळ्यात हातपंपाने सिलिंडर भरत असाल तर हवेतली ओल आत जाते. पंपाचा ओलावा शोषणारा फिल्टर वेळेवर बदला. ऑक्सिजनच्या नळकांड्यातून कधीही भरू नका, तेलाचा अंश असला तरी स्फोट होऊ शकतो. स्प्रिंगवाली छर्‍याशिवाय झाडू नका, पिस्टन आपटून सील जातं. छर्रे शिशाचे असतात, सराव झाला की साबणाने हात धुवा, मगच चहा-वडापाव.

आणि जुनी पीसीपी घेताना नळीत डोकावण्याआधी सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचा. त्याची मुदत दहा वर्षं असते. ती उलटली असेल तर स्पर्धेत तपासणीच्या टेबलावरूनच परत पाठवतात, म्हणून नव्या सिलिंडरची किंमत आधी विचारा आणि तेवढे पैसे सौद्यातून कापून घ्या.