एक पुडी, एक लिटर

नमस्कार मंडळी. कैरीच्या फोडींना रात्री मीठ लावलं की सकाळी बरणीत पाणी सुटलेलं असते, बरोबर? पाणी पातळ बाजूकडून दाट बाजूकडे ओढलं जाते, फार्मसीत ह्याले ऑस्मोसिस म्हणतात. आज एवढंच ध्यानात ठेवा, पाणी दाट बाजूकडे जाते.

आता एक गोष्ट सांगतो. आषाढातली, पेरण्या आटोपल्या होत्या, गावात हगवणीची साथ. शेजारच्या वाडीतली एक माय दीड वर्षाचं लेकरू खांद्यावर टाकून माझ्या मेडिकलवर आली. म्हणे, भाऊ, कालपासून ओआरएसच्या, म्हणजे हगवणीत पाजायच्या मीठ-साखरेच्या, तीन पुड्या पाजल्या, हगवण थांबायच्या जागी वाढली. लेकराची जीभ कोरडी पडलेली, पोटाची चामडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहत होती. मी विचारलं, पुडी कितीक पाण्यात घोळली? "येका गिलासात. एवढुसं लेकरू लिटरभर पानी कसं पेईन, अन् दाट असलं तर लवकर गुन येईन न भाऊ?"

तिच्या स्टीलच्या गिलासातलं मी चाखून पाहिलं, जीभच आखडली. पाहा, ओआरएसची मोठी पुडी 20.5 ग्रॅमची, 1 लिटरात घोळली तर तिचं दाटपण 245, आपल्या रक्ताचं 290 च्या आसपास, म्हणून ते पाणी आतड्यातून रक्तात सहज उतरते. 200 मिलीच्या गिलासात तेच होते 1225, रक्ताच्या चौपट! मग पाणी उलटं लेकराच्या अंगातून आतड्यात येते, बरणीतल्या कैरीवानी. लेकराले लगेच सरकारी दवाखान्यात नेलं, वाचलं. पण पुडी देताना मीच सांगायला पाहिजे होतं, मी सांगितलं नव्हतं, हे मला आजही लागते.

आणि सलाईनचंही सांगतोच. "ताकदीची बाटली लावा" म्हणून लोक हट्ट धरतात, पण साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरात साडेचार ग्रॅम मीठ असते, बाकी पाणी, त्यात ताकद कुठून येणार? 1971 च्या बांगलादेश युद्धाच्या वेळी, पश्चिम बंगालातल्या बनगावच्या निर्वासित छावणीत, कॉलऱ्याच्या साथीत डॉ. दिलीप महालनबीसांनी सलाईन संपल्यावर मीठ-साखरेचं पाणी तोंडानं पाजूनच हजारो जीव वाचवले.

तर पुन्हा सांगतो, मोठी पुडी, पूर्ण 1 लिटर पाणी, उकळून गार केलेलं. छोटी पुडी असन तर 200 मिली, पुडीवर वाचून घ्या, वाचता नाही आलं तर दुकानदाराले विचारा, लाजू नका. लेकराले लिटरभर एकदम पाजायचं नाही, चमच्याचमच्यानं पाजायचं. 24 तासांनी उरलं ते फेकून द्या, नवीन घोळा.