ॲक्रिलिकच्या टाकीला तडा गेला तर

श्रोतेहो, नमस्कार.

माशांच्या टाकीखाली सकाळी पाण्याचा ओघळ दिसला की बहुतेकांचा हात सिलिकॉनच्या ट्यूबकडे जातो. काचेच्या टाकीला सिलिकॉन चालतं, ॲक्रिलिकला, म्हणजे काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकला, चालत नाही. ते बसल्यासारखं वाटतं आणि काही दिवसांनी पापुद्र्यासारखं सोलून येतं. वर त्याचा तेलकट अंश मागे राहतो, त्यामुळे त्या जागी नंतर खरा सांधाही नीट धरत नाही. म्हणून पहिली विनंती ही, की काहीही लावण्याआधी थांबा.

ॲक्रिलिक चिकटवत नाहीत, ते सांधतात. क्लोरोफॉर्म किंवा मिथिलीन क्लोराइड दोन्ही पृष्ठभाग किंचित विरघळवतं, मऊ झालेला भाग एकमेकांत मिसळतो आणि द्रव उडून गेला की दोन तुकडे एकजीव होतात. साइनबोर्ड आणि नेमप्लेट करणारे हेच वापरतात.

ह्यात आपल्या किनाऱ्यावरची मोठी अडचण म्हणजे हवा. द्रव उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतली वाफ त्यावर धरते. सांधा दुधासारखा पांढरा होतो, आणि तो नुसता कुरूप नसतो, कमजोरही असतो. रत्नागिरी-मालवणकडे आषाढ-श्रावणात हे काम करूच नये. पावसात टाकी फुटली तर मासे मोठ्या प्लास्टिकच्या टबात त्याच टाकीच्या पाण्यात ठेवा, वर जाळी बांधा आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ असू द्या, कारण वीज जाणारच. फिल्टरचा स्पंजही त्याच पाण्यात चालू ठेवा. तो सुकला तर पाणी स्वच्छ ठेवणारे जिवाणू मरतात. दुरुस्ती दसऱ्यानंतरच्या कोरड्या दुपारी करा. मिथिलीन क्लोराइड ४० अंशांना उकळतं आणि क्लोरोफॉर्म ६१ अंशांना, म्हणून जरा सावकाश उडणारं क्लोरोफॉर्म आपल्याकडे अधिक सोयीचं.

तडा का गेला, तेही आधी बघा. ९० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ४५ उंच टाकीत सुमारे १८० लिटर पाणी मावतं, आणि पुढच्या भिंतीवर पाण्याचा एकूण रेटा जवळजवळ ९० किलोंचा असतो. अशी टाकी चिऱ्याच्या खडबडीत कट्ट्यावर किंवा नुसत्या लोखंडी चौकटीवर ठेवली की तळ पिळवटतो आणि सांधे उघडतात. ॲक्रिलिकच्या टाकीचा तळ सगळीकडे टेकला पाहिजे. खाली १८ मिलिमीटरचं प्लायवूड घाला आणि गवंड्याकडच्या पाण्याच्या नळीने लेव्हल तपासा. भिंतभर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसत असतील, तर ते स्पिरिटने किंवा अमोनियाच्या काच-क्लीनरने पुसल्याचं लक्षण असू शकतं. अशा भिंतीला ठिगळ लावण्यात अर्थ नाही, ती भिंतच बदलावी लागते.

आता साधा तडा घेऊ, १० सेंटिमीटर लांबीचा. टाकी गोड्या पाण्याने धुऊन दोन दिवस सुकवा. तड्याच्या दोन्ही टोकांना, दिसतं त्याच्या किंचित पुढे, ३ मिलिमीटरचं छिद्र पाडा, म्हणजे तडा पुढे धावणार नाही. मागे लाकडाचा तुकडा धरा, ड्रिल सावकाश फिरवा, दाबू नका. ठिगळ भिंतीइतक्याच जाडीच्या कास्ट शीटचं, म्हणजे साच्यात ओतून केलेल्या ॲक्रिलिकच्या तक्त्याचं घ्या. तड्याच्या चहूबाजूंनी ४ सेंटिमीटर जास्त, म्हणजे १८ बाय ८, आणि कोपरे गोल. ते लेझरवर कापून घेऊ नका. लेझरच्या उष्णतेने कडेत ताण राहतो आणि क्लोरोफॉर्म लागताच ती कड तडकते. करवतीने कापा.

ठिगळ आतून लावायचं, म्हणजे पाण्याचा दाबच त्याला भिंतीवर धरून ठेवतो. एवढ्या रुंद ठिगळाखाली कडेने सोडलेला पातळ द्रव मध्यापर्यंत पोचत नाही. त्यासाठी आदल्या रात्री काचेच्या बाटलीत ॲक्रिलिकचे बारीक तुकडे क्लोरोफॉर्ममध्ये टाकून मधाइतकं दाट मिश्रण करा. टाकी आडवी करून तडा तळाशी आणा, मिश्रणाची एक रेघ मधोमध ओता आणि ठिगळ एका बाजूने टेकवत हळूहळू खाली आणा, म्हणजे हवा निघून जाईल. वर किलोभर वजन पुरे. जास्त ठेवलं तर मिश्रण बाहेर पळतं आणि सांधा कोरडा राहतो. अर्ध्या तासाने सिरिंजने कडांना पातळ क्लोरोफॉर्म फिरवा. सिरिंजचं रबर फुगतं, म्हणून थोडं थोडं भरा. थेंब भलतीकडे पडला तर पुसू नका, पुसलात की ओरखडा पसरतो. तो उडू द्या. डाग राहिलाच तर १०००, मग २००० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून घासा आणि प्लास्टिकच्या पॉलिशने चमकवा.

हे काम पडवीत करा, पण थेट वाऱ्यात नको आणि बंद खोलीत तर मुळीच नको. ही वाफ जड असते आणि ती हुंगून गरगरतं. आगीजवळ तिचा विषारी वायू होतो, म्हणून चूल, शेगडी, विडी सगळं लांब. हातमोज्यावर द्रव सांडला तर मोजा लगेच बदला, तो आरपार जातो.

कोपऱ्याचा सांधा गळत असेल तर जुनी फट भरत बसण्यापेक्षा आतून त्या कोपऱ्यात १० मिलिमीटरची त्रिकोणी ॲक्रिलिक पट्टी वरपासून खालपर्यंत सांधणं जास्त भरवशाचं.

मग सात दिवस टाकीला हात लावू नका. आठव्या दिवशी एक तृतीयांश पाणी भरा आणि खाली वर्तमानपत्र पसरा. चोवीस तास कागद कोरडा राहिला तर दोन तृतीयांश, मग पूर्ण. हे पाणी टाकून द्या, आणखी एकदा भरून तेही ओतून द्या, मगच मासे सोडा. समुद्राच्या पाण्याची टाकी असेल तर आठवड्यातून एकदा सांध्यांवरून बोट फिरवा. मिठाची पांढरी रेघ लागली तर तिथे गळती सुरू झाली आहे, त्याच दिवशी पाणी निम्म्यावर आणा.