समुद्रात उतार नसतो

(आंजर्ले खाडी. ओहोटी. चिखलात कललेल्या बोटी, वर निळ्या ताडपत्र्या. पावसाची रिपरिप.)

जून लागला की हर्णै बंदरातल्या बोटी आंजर्ल्याच्या खाडीत आसऱ्याला येतात. 1 जून ते 31 जुलै, असे 61 दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. समुद्राला विसावा मिळतो, माणसांना नाही. जाळी सांधायची असतात, फळ्यांच्या फटीत कापूस भरायचा असतो, तळाला रंग द्यायचा असतो. आणि ज्याचं इंजिन गेलंय, त्याला हे 61 दिवस कमीच पडतात.

या बोटीचं इंजिन मे महिन्याच्या अखेरीस भर समुद्रात बंद पडलं. सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन. तापमानाचा काटा लालमध्ये गेला, वाफ आली, आवाज जड झाला आणि सगळं थांबलं. दुसऱ्या बोटीने दोर टाकून ओढत आणलं.

मेस्त्री आले तेव्हा त्यांनी पान्याला हात लावला नाही. आधी तेलाची पट्टी ओढून पाहिली. तेल काळं नव्हतं, दूध घातलेल्या चहासारखं झालं होतं. म्हणजे तेलात पाणी गेलेलं.

"बंद पडल्यावर परत सेल्फ मारलास का?"

"नाही, मेस्त्री."

"बरं केलंस. अर्धं इंजिन तिथेच वाचवलंस."

या वाक्यात मोठा अनुभव आहे. डिझेल इंजिनात हवा दाबली जाते, पंधरा-वीस पट. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला, तर पिस्टन वर येतो, पाण्यावर अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बोट बुडून इंजिनात खारं पाणी शिरलं असेल तेव्हाही हेच. आधी डिझेल फवारणारे नोझल काढायचे, हाताने इंजिन फिरवून पाणी बाहेर घालवायचं, गोड्या पाण्याने धुवायचं, मग डिझेल आणि तेल घालून पुन्हा फिरवायचं. आणि हे सगळं त्याच दिवशी. बाहेर काढलेल्या इंजिनाला मिठाचं पाणी आणि हवा एकत्र मिळाली की गंज एका रात्रीत धरतो.

(खारं पाणी खेचणाऱ्या पंपाचं झाकण उघडताना. जवळून.)

मेस्त्रींनी हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उघडायच्या आधी हा छोटा पंप उघडला. समुद्राचं पाणी आत खेचणारा पंप. त्यात रबरी इम्पेलर असतो, फुलासारखा. आठ पाती असायला हवी होती. दोनच शाबूत होती.

मग कूलरचं झाकण काढलं. कूलरमध्ये बारीक नळ्यांचा जुडगा असतो. नळ्यांतून खारं पाणी वाहतं, बाहेरून इंजिनाचं गोडं पाणी फिरतं आणि थंड होतं. त्या नळ्यांच्या तोंडाशी तुटलेलं रबर अडकलं होतं. नखाएवढे काळे तुकडे. मेस्त्रींनी चिमट्याने एकेक काढला आणि फडक्यावर मांडला. पाच निघाले. सहावा मिळेना. अर्धा तास गेला. नाखव्याला, म्हणजे बोटीच्या मालकाला, वाटत होतं, एका तुकड्याचं काय एवढं. शेवटी तो नळीच्या वळणात सापडला, तेव्हाच मेस्त्री चहाला उठले. तो तुकडा आत राहिला असता, तर नवं इंजिन बसवलं असतं तरी तेही तापलंच असतं.

समुद्रातलं इंजिन मरतं ते बहुतेकदा असं, पाण्याच्या वाटेवर. आणि खर्चाला हात आखडला जातो तो नेमका याच वाटेवर. इम्पेलर, होज, क्लिप, कूलरमधला जस्ताचा तुकडा. हे जस्त स्वतः झिजतं म्हणून कूलर वाचतो. ते संपलं की समुद्र कूलर खायला लागतो.

(इंजिन उघडलेलं. हेड, लायनर, क्रँक वेगवेगळे ठेवलेले.)

आता खरा प्रश्न. दुरुस्त करायचं की बदलायचं?

नवं मरीन इंजिन गियरबॉक्ससह घ्यायचं तर आकडा लाखांत जातो. एक हंगाम बरा गेला म्हणून तेवढे पैसे हातात राहत नाहीत. म्हणून निर्णय मनाने करायचा नसतो, मोजून करायचा असतो. चार नंबरचा पिस्टन लायनरला, म्हणजे ज्या नळकांड्यात तो वर-खाली होतो त्याला, धरला होता. पिस्टन, रिंगा, लायनर नवे मिळतात. हेड तापून वाकलं असेल तर पट्टी आणि फट मोजणारं फीलर गेज लावून कळतं, मशीनवर फेस मारून सरळ करता येतं. हे सगळं सोसण्यासारखं. पण ब्लॉकला तडा असेल, किंवा क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, हद्दीबाहेर झिजला असेल, तर त्यावर घातलेला रुपया पाण्यात.

मेस्त्रींनी क्रँकच्या जर्नलवरून, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागावरून, नख फिरवलं. नख ओरखड्यात अडलं. मग मायक्रोमीटर काढला. एकच जर्नल चार ठिकाणी मोजलं, कारण जर्नल गोल राहिलंय का तेही पाहायचं असतं. हिशोब जमला. पाव मिलिमीटर घासून, त्या मापाची अंडरसाइज बेअरिंगं घालून क्रँक चालणार होता. हाच क्रँक पूर्वी दोनदा घासलेला असता, तर कथा वेगळी झाली असती. ब्लॉकमध्ये दाबाने पाणी भरून पाहिलं. कुठेच पाझर नाही.

नाखव्याच्या चेहऱ्याकडे मी तेव्हा पाहत होतो. आठ दिवसांत पहिल्यांदा तो खाली बसला.

पैसे वाचले ते कुठे? मजुरीत. इंजिन उघडणं, कार्बन खरवडणं, एकेक नट डिझेलमध्ये धुणं, हे सगळं बोटीच्या खलाशांनी केलं. अर्ध्या टनाच्या आसपासचं ते धूड बाहेर काढायला क्रेन आणली नाही. अमावस्येच्या उधाणाला बोट काठापर्यंत वर घेतली, तीन वासे बांधले, चेन कप्पी लावली. बेअरिंगं, हेड गॅस्केट, तेल आणि इम्पेलर मात्र नवे आणि चांगले घेतले. तिथे मेस्त्री ऐकायला तयार नव्हते, आणि ते बरोबरच होतं.

शेजारच्या बोटीचा ब्लॉकच फुटला होता. त्यांना दुसरं इंजिन पाहणं भाग होतं. स्वस्तातला मार्ग म्हणजे मोडीत निघालेल्या ट्रकचं इंजिन. किनाऱ्यावर अशी इंजिनं चालतात. पण ट्रक चढ चढला की त्याला उतार मिळतो, सिग्नलला दम खाता येतो. समुद्रात उतार नसतो. बोटीचं इंजिन तासन्‌तास एकाच ओझ्याखाली चालतं. म्हणून ट्रकचं इंजिन होतं तसं बसवून भागत नाही. रेडिएटरच्या जागी कूलर, खाऱ्या पाण्याचा पंप, पाण्याने थंड होणारा एक्झॉस्ट, आणि बेडवर तिरकं बसल्यावरही तेल उचलेल असा तेलाचा संप, इतकं करावं लागतं. शिवाय इंजिन कोणत्या वेगाला ताकद देतं, त्याप्रमाणे गियरबॉक्सचं प्रमाण आणि पंख्याचं, म्हणजे प्रोपेलरचं, माप जुळायला हवं. पंखा मोठा झाला तर इंजिन काळा धूर ओकत गुदमरतं. इंजिन स्वस्त मिळालं म्हणून आनंदाने आणणाऱ्याला हा मागचा खर्च नंतर दिसतो, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

जुनं इंजिन पाहायला जाल तेव्हा ते थंड असताना पाहा. आधीच सुरू करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा. थंड इंजिन सुरू होताना धूर बघा. निळा धूर तेल जळतंय म्हणून, आणि पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल तर पाण्याची शंका घ्या. तेल भरायचं झाकण उघडून वाफ किती येते ते बघा. कागद आणि इंजिन नंबर ताडून घ्या. बोटीच्या नोंदणीत इंजिनाचा नंबर असतो, तो बदलला की मत्स्य विभागाच्या कार्यालयात कळवावं लागतं.

(जुलै अखेर. भरती. बोट पाण्यावर.)

इंजिन बसलं. पण काम झालं नव्हतं. गियरबॉक्स आणि शाफ्ट यांच्या कपलिंगमधली फट मेस्त्रींनी काठावर मोजली होती. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. बोट पाण्यात तरंगायला लागल्यावर त्यांनी ती पुन्हा मोजली. लाकडी बोट चिखलात टेकलेली वेगळी आणि तरंगती वेगळी. एका बाजूला फीलरचं पातं सैल जात होतं. पुन्हा इंजिनाचे पाये सैल केले, पातळ पत्रा सरकवला, पुन्हा आवळलं. संध्याकाळ झाली. कोणी घाई केली नाही.

(1 ऑगस्ट. पहाट.)

बऱ्याच बोटी अजून नारळी पौर्णिमेची वाट पाहतायत. या बोटीला थांबणं परवडणारं नाही.

सेल्फ. एकदा. दुसऱ्यांदा. इंजिन लागलं.

तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, काट्याकडे वळला नाही. तो बाजूच्या कठड्यावरून वाकला. कूलरमधून फिरून आलेलं पाणी जिथून बाहेर पडतं, त्या धारेखाली त्याने हात धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. धार जाड होती. पाणी कोमट होतं.

"चल," तो म्हणाला.