पाय लागला, म्हणून काय झालं?

श्रोतेहो, नमस्कार.

संध्याकाळी गावच्या मैदानावर व्हॉलीबॉल रंगात आलेला असतो. समोरून जोराचा स्मॅश येतो, मागच्या गड्याचे हात पोचत नाहीत, तो पाय पुढे टाकतो आणि बॉल बुटावर आपटून वर उडतो. लगेच पलीकडून ओरडा होतो, "पाय लागला! फाऊल!" मग हुज्जत. त्यात एखादे जुने खेळाडू ठासून सांगतात, "कमरेच्या खाली बॉल लागलेला चालत नाही."

त्यांच्या काळात खरोखरच चालत नव्हतं. आधी मर्यादा कमरेची होती, मग ती गुडघ्यापर्यंत आली. १९९४ मध्ये अथेन्सला आंतरराष्ट्रीय महासंघाची परिषद भरली. तिथे ठरलं, की बॉल शरीराच्या कुठल्याही भागाने खेळता येईल, पायानेसुद्धा. १९९५ पासून हा नियम लागू आहे. तीस वर्षं उलटली, पण आपल्याकडे ती बातमी काही मैदानांवर अजून पोचायची आहे!

अपवाद फक्त सर्व्हिसचा. बॉल हातातून सोडायचा आणि एका हाताने किंवा दंडापर्यंत त्याच हाताच्या कुठल्याही भागाने मारायचा. तिथे पाय नाही, डोकं नाही, दोन्ही मुठी जोडूनही नाही.

मग एरवी बॉलच्या स्पर्शात फाऊल कशाचा? दोनच गोष्टींचा. बॉल हातात थांबला का, आणि एकाच खेळाडूला लागोपाठ दोनदा लागला का? आपण त्यांना 'होल्ड' आणि 'डबल' म्हणतो. तापल्या तव्याला बोट लागावं तेवढाच बॉलचा स्पर्श हवा. तळहातावर घेऊन ढकलला, की तो पकडून फेकल्यासारखा झाला. नेटजवळ बोटांच्या टोकांनी हळूच पलीकडे टाकलेली टिप चालते, पण बॉल स्वच्छ मारलेला हवा. बोटांत धरून दिशा बदलली, तर शिट्टी. समुद्रकिनाऱ्यावरच्या बीच व्हॉलीबॉलमध्ये तर उघड्या बोटांनी टिप करून बॉल पलीकडे टाकणंच मना आहे.

आता 'डबल'ची खरी गंमत ऐका. सर्व्हिस येते, बॉल मनगटांवर बसतो, तिथून उडून छातीला लागतो आणि वर जातो. दोनदा लागला ना? तरीही फाऊल नाही. संघाला मिळणाऱ्या तीन फटक्यांतला हा पहिला असेल, तर एकाच हालचालीत बॉल शरीराला दोनतीन ठिकाणी लागला तरी चालतो. ही सवलतही त्याच अथेन्सच्या परिषदेतली. पण मनगटावरून उडालेला बॉल पाहून, सावरून, पुन्हा मुद्दाम मारला, तर ती दुसरी हालचाल झाली आणि डबल लागू. आणि सवलत डबलची आहे, होल्डची नाही. पहिला बॉल असला तरी तो झेलायची परवानगी कुणालाच नाही.

तोच बॉल पुढे लिफ्टरकडे, म्हणजे दुसऱ्या फटक्यात स्मॅशसाठी बॉल उचलून देणाऱ्याकडे गेला, की सवलत संपली. लिफ्टरचा उजवा हात आधी लागला आणि डावा किंचित मागून, तर दुसरा पंच असो नसो, पहिल्या पंचाची दोन बोटं वर जातात. इथे प्रेक्षक एक चूक हमखास करतात. बॉल गरगर फिरला, की "डबल! डबल!" सुरू. नियमात फिरकीचा उल्लेखच नाही. पंचाने पाहायचा तो बोटांचा स्पर्श. बॉल हातातून सुटल्यावर कसा नाचला, हा फार तर संशय घ्यायला पुरेसा आधार.

ब्लॉकची, म्हणजे समोरचा फटका नेटवरच अडवण्याची बाब आणखी वेगळी. नेटवर उड्या मारलेल्या दोघांच्या हातांना, मग एकाच्या डोक्याला बॉल लागला, तरी एका हालचालीत घडलं असेल तर तो एकच ब्लॉक. शिवाय तो तीन फटक्यांत धरतच नाहीत. ब्लॉक करणाऱ्यानेच खाली उतरून पुढचा बॉल घेतला, तरी हरकत नाही. ब्लॉकचा प्रसंग सोडला, तर मात्र नुसता खांद्याला ओझरता लागलेला बॉलही एक फटका मोजतात. "मी मुद्दाम कुठे मारला?" या सबबीला काही किंमत नाही.

जमिनीवर सपाट झोकून देऊन पंजा पसरायचा आणि बॉल मातीऐवजी त्या पंज्यावर आपटवायचा, हा माझ्या मते या खेळातला सर्वांत देखणा बचाव. तोही शंभर टक्के नियमात. पंज्याच्या कडेने बॉल जमिनीला टेकला नाही ना, एवढंच पाहायचं.

हे सगळे बदल कशासाठी, तर बॉल अधिक काळ हवेत राहावा म्हणून. स्मॅश इतके जबर झाले, की गुण दोन फटक्यांत संपू लागले होते. त्यामुळे बचाव करणाऱ्याला थोडी सूट मिळाली, ते योग्यच झालं. पण अमेरिकेतल्या महाविद्यालयीन महिलांच्या स्पर्धांत २०२४ पासून दुसऱ्या फटक्यालाही डबल माफ केलाय. अट एवढीच, की बॉल आपल्याच बाजूला राहिला पाहिजे. पलीकडे गेला तर फाऊल. पंचांची कटकट कमी झाली असेल, पण मला ते रुचत नाही. जमिनीवर लोळणाऱ्याला सूट द्यावी, त्याच्याकडे वेळच नसतो. लिफ्टरकडे तेवढा वेळ असतो, आणि दोन्ही हातांची बोटं एका क्षणी बॉलखाली आणणं हेच तर त्याचं काम आहे. नमस्कार.